दूरचे दप्तर आणि घरची किल्ली

(द्वितीय वर्ष, कला शाखेतील एक विद्यार्थिनी)

"सर्व्हर डाउन आहे, उद्या या." आसनगाव-शहापूर-मुरबाड या आपल्या परिसरात हे वाक्य ऐकले नाही असा माणूस आता विरळाच. सातबारा काढावयास जा, बँकेत जा, रेशनच्या दुकानात जा; कोठे ना कोठे ते कानी पडतेच. गेल्या दिवाळीनंतर भाताच्या नोंदीवरून आमच्या घरी मोठा घोळ झाला. त्या दिवसांत एकदा शहापूरहून दमून आलेले माझे वडील पायरीवर बसता बसता मला म्हणाले, "तू कॉलेजात जातेस ना? मग सांग बरे, हा सर्व्हर बसतो तरी कुठे? आणि त्याच्यात आपल्या नावाने लिहितो तो कोण?"

मला उत्तर देता आले नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. घरच्यांची समजूत अशी की, कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सारे काही ठाऊक असते. त्या संध्याकाळी मला स्वतःचीच लाज वाटली. पुढे दोन-तीन महिने मी संगणक विभागातील सरांच्या मागे लागले, प्रयोगशाळेत बसून हाताने काही करून पाहिले आणि त्यातून जे उमगले ते येथे मांडीत आहे. विज्ञान शाखेचा हा विषय कला शाखेच्या विद्यार्थिनीने का घ्यावा, असे काही वाचकांना वाटेल. परंतु ज्या यंत्रात आपल्या शेताचे नाव आहे, ते यंत्र कोणत्या शाखेचे, हा प्रश्न गौण आहे.

चावडीतले दप्तर

सर्व्हर समजून घेण्यापूर्वी आपल्या ओळखीचे जुने दप्तर आठवू या. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ अन्वये गावाचा जमिनीचा हिशेब ठरावीक नमुन्यांत ठेवला जातो. त्यातील नमुना सात म्हणजे जमिनीवर कोणाचा काय हक्क आहे याची नोंद, आणि नमुना बारा म्हणजे त्या जमिनीत कोणते पीक घेतले याची नोंद. दोन्ही एकाच कागदावर येतात म्हणून आपण त्याला सातबारा म्हणतो. हक्कात बदल झाला की तो नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, लिहिला जातो.

या फेरफाराची रीत याच कायद्याच्या कलम १५० मध्ये दिली आहे. तलाठ्याने नोंद लिहावयाची, तिची प्रत चावडीत लावावयाची आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना लेखी कळवावयाचे. कोणाची हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि वरचा अधिकारी चौकशी करून निर्णय देतो. नोंद तलाठी लिहितो. परंतु ती प्रमाणित करण्याचे काम बहुधा मंडल अधिकाऱ्याचे.

यात तीन अधिकार निरनिराळे ठेवले आहेत, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच. वाचणे सर्वांना, लिहिणे एकाला, आणि लिहिलेले कायम करणे तिसऱ्याला. एकाच माणसाच्या हाती तिन्ही दिले तर गावाचे काय होईल, हे ज्यांनी नियम केले त्यांना चांगले ठाऊक होते.

शिवाय कागदी दप्तराला एक आपोआपचे संरक्षण होते, ते अंतराचे. ज्याला खोटे लिहावयाचे असेल त्याला दप्तरापर्यंत यावे लागे, कुलूप काढावे लागे, शाई वापरावी लागे. अक्षर कोणाचे ते गावातल्या चार माणसांना कळे. उलट, या अंतराचा त्रासही होताच. तलाठी दुसऱ्या सजाला गेले की एका उताऱ्यासाठी दिवसाची मजुरी बुडे.

दप्तर दूर गेले

हेच दप्तर आता संगणकात आहे. नीट रकाने पाडून, एकाच ठिकाणी साठविलेल्या अशा माहितीला डेटाबेस म्हणतात. ज्या संगणकावर तो ठेवतात आणि जो दुसऱ्या संगणकांच्या विचारण्याला उत्तरे देतो, त्याला सर्व्हर म्हणतात. सर्व्हर या शब्दाचा अर्थच मुळी सेवा देणारा. तो गावात नसतो. दूरच्या शहरात, थंड खोलीत, रात्रंदिवस चालू ठेवलेला असतो. वडिलांच्या पहिल्या प्रश्नाचे हे उत्तर.

महाराष्ट्रात फेरफाराची नोंद आता ई-फेरफार या प्रणालीतून होते. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांना मिळू लागला. तलाठ्यांचे पदनामही २०२४ साली बदलून ग्राम महसूल अधिकारी असे झाले. आमच्या घरात मात्र अजून तलाठीभाऊच म्हणतात. आणखी एक बदल १५ ऑगस्ट २०२१ रोजी झाला, तो मला सर्वांत मोठा वाटतो. त्या दिवशी ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि नमुना बारामधील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाईलवरून, शेतात उभे राहून, पिकाचे छायाचित्र काढून करावी असे ठरले. म्हणजे पिढ्यानपिढ्या जी लेखणी फक्त सरकारी हातात होती, ती निदान एका रकान्यापुरती शेतकऱ्याच्या हाती आली!

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. दप्तर दूर गेले तेव्हा अंतराचे संरक्षण संपले. आता तारेच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, हे सर्व्हरला दिसत नाही. त्याला चेहरा दिसत नाही, आवाज ओळखता येत नाही, अक्षराचे वळण कळत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतात ती केवळ अक्षरे आणि आकडे. मग 'मी अमुक' असे सांगणारा खरोखरच तो अमुक आहे, हे त्याने ओळखावे कसे?

इतिहासाच्या तासाला आम्ही भाऊसाहेबांच्या तोतयाची हकिकत शिकलो. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले. परंतु पुढे एक मनुष्य 'मीच तो भाऊ' म्हणून उभा राहिला. कोकणातले किल्लेदार त्याला खरा मानून किल्ले त्याच्या स्वाधीन करू लागले. अखेर १७७६ साली त्याला देहदंड झाला. समोर उभा असलेला माणूससुद्धा जर इतक्यांना फसवू शकतो, तर न दिसणाऱ्या माणसाची काय कथा?

आमचा लहानसा प्रयोग

हे सारे पुस्तकातून वाचून डोक्यात शिरेना, तेव्हा सर म्हणाले, "आपण करूनच पाहू." आम्ही तिघी मैत्रिणींनी ग्रंथालयातील दीडशे पुस्तकांची यादी घेतली आणि प्रयोगशाळेतील एका संगणकावर डेटाबेस म्हणून भरली. त्यासाठी पोस्टग्रेस नावाची प्रणाली वापरली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कले येथे, १९८६ साली सुरू झालेल्या एका संशोधनातून ती निघाली आणि आज ती कोणालाही विनामूल्य वापरता येते. आमचा हेतू एवढाच की, ग्रंथालयातल्या संगणकावरून प्रयोगशाळेतल्या सर्व्हरवरची यादी पाहता यावी; मात्र ती आम्ही परवानगी देऊ त्यांनाच.

पहिली पायरी दाराची. ही प्रणाली नव्याने बसविली की ती फक्त स्वतःच्याच संगणकावरून आलेल्या हाकेला ओ देते. बाहेरच्या कोणाचेही ऐकत नाही. म्हणजे घर बांधणाऱ्याने दार आतून लावूनच दिलेले असते. ते उघडण्यासाठी 'कोणत्या पत्त्यावर कान द्यावा' हे एका फाइलीत लिहावे लागते. एका संगणकात अनेक कामांच्या अनेक खिडक्या असतात आणि त्यांना क्रमांक असतात. पोस्टग्रेसच्या खिडकीचा रूढ क्रमांक ५४३२. ही खिडकी साऱ्या जगासाठी उघडावयाची नाही. तिच्या बाहेर आणखी एक पहारेकरी बसवितात, त्याला फायरवॉल म्हणतात. आम्ही त्याला सांगितले की, ग्रंथालयातल्या संगणकाच्या पत्त्यावरून आलेल्यालाच या खिडकीपर्यंत येऊ दे.

दुसरी पायरी यादीची. कोणी, कोठून, कोणत्या डेटाबेससाठी यावे आणि त्याची ओळख कशी पटवून घ्यावी, हे दुसऱ्या एका फाइलीत ओळीओळीने लिहितात. सर्व्हर ही यादी वरून खाली वाचतो. येणाऱ्याला लागू पडणारी पहिली ओळ सापडली की तिच्याप्रमाणे वागतो आणि पुढचे वाचीतच नाही. एकही ओळ लागू पडली नाही तर परत पाठवितो.

येथे आमच्या हातून एक मोठी चूक झाली. ती लपविण्यापेक्षा सांगितलेली बरी. पहिल्या दिवशी काही केल्या जोडणी होईना. तेव्हा घाईघाईने आम्ही यादीच्या अगदी वर एक ओळ लिहिली: कोणीही, कोठूनही, आणि ओळखीच्या रकान्यात 'ट्रस्ट', म्हणजे विश्वास. जोडणी ताबडतोब झाली! आम्ही टाळ्या वाजविल्या. मग खाली रीतसर ओळ लिहिली, परवलीचे शब्द ठरविले आणि काम झाले असे समजून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सरांनी माझ्या मैत्रिणीला मुद्दाम चुकीचा परवलीचा शब्द टाकावयास सांगितले. तरीही ती आत! तिने काही न टाकता पाहिले, तरीही आत! वरची 'विश्वासा'ची ओळ तशीच राहिली होती आणि तिच्या खालची सारी बंधने सर्व्हरने कधी वाचलीच नव्हती.

सर एवढेच म्हणाले, "चालले म्हणजे बरोबर झाले असे नव्हे. ज्याला येऊ द्यायचे तो येतो का, हे सगळेच तपासतात. ज्याला येऊ द्यायचे नाही तो अडतो का, हे तपासा." हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

आमच्या चुकीने दीडशे पुस्तकांची यादी उघडी पडली, एवढेच. परंतु मोठ्या जगात हीच चूक फार महागात पडते. जानेवारी २०१७ मध्ये मोंगोडीबी या प्रणालीवरचे हजारो डेटाबेस लुटले गेले. त्यांच्या मालकांनी ते परवलीच्या शब्दाविना इंटरनेटवर उघडे ठेवले होते. चोरांना कुलूप फोडावे लागलेच नाही. ते आत गेले, माहिती पुसली आणि 'परत हवी असेल तर पैसे द्या' अशी चिठ्ठी ठेवून गेले.

परवलीचा शब्द

तिसरी पायरी ओळख पटविण्याची. 'परवलीचा शब्द' हा आपल्या भाषेतला शब्द किल्ल्यावरच्या पहाऱ्यातून आलेला आहे. रात्री फिरणाऱ्याने ठरलेला शब्द सांगावा आणि पहारेकऱ्याने वाट सोडावी. पण या रीतीत एक उणीव आहे. शब्द मोठ्याने उच्चारला की झुडपाआड लपलेल्यालाही तो ऐकू जातो, आणि मग पुढच्या रात्री तोही आत येऊ शकतो.

यावर संगणकशास्त्रज्ञांनी काढलेली युक्ती मला फार आवडली. पोस्टग्रेसमध्ये २०१७ पासून असलेल्या 'स्क्रॅम' या पद्धतीत परवलीचा शब्द तारेवरून जातच नाही. प्रत्येक वेळी सर्व्हर एक नवीन, पूर्वी कधी न दिलेला आकडा पाठवितो. आपला संगणक तो आकडा आणि आपला गुप्त शब्द यांचे गणित करून फक्त उत्तर परत पाठवितो. उत्तर बरोबर आले की सर्व्हर समजतो, याला शब्द ठाऊक आहे. वाटेत कोणी ते उत्तर ऐकले तरी त्याचा उपयोग नाही; कारण उद्या आकडा निराळा आणि म्हणून उत्तरही निराळे. सर्व्हरसुद्धा परवलीचा शब्द जसाच्या तसा साठवून ठेवीत नाही. त्याची मूळ रूप परत काढता येणार नाही अशी खूण तेवढी ठेवतो. जसे पीठ पाहून धान्य ओळखता येते, पण पिठाचे पुन्हा दाणे करता येत नाहीत.

चौथी पायरी वाटेची. ओळख पटली तरी पुढचे बोलणे उघड्या तारेवरून चालले, तर ते पोस्टकार्डासारखे होते. वाटेत ज्याच्या हाती पडेल तो वाचील. म्हणून सारे बोलणे गुप्तलिपीत करून पाठवितात. याबरोबर आणखी एक गोष्ट साधते, ती म्हणजे सर्व्हरचीही ओळख. आपण ज्याच्याशी बोलतो तो आपलाच सर्व्हर आहे की कोणी तोतया, हे त्याच्या प्रमाणपत्रावरून आपल्या संगणकाने ताडून पाहावयाचे असते.

ही दुसऱ्या बाजूची ओळख किती मोलाची आहे, हे पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये पडलेल्या दरोड्यावरून कळते. एटीएमवर कोणी कार्ड घातले की 'याला पैसे द्यावेत का?' असे बँकेच्या यंत्रणेला विचारले जाते. हल्लेखोरांनी खऱ्या यंत्रणेच्या जागी स्वतःची तोतया यंत्रणा उभी केली आणि बनावट कार्डांना ती होकार देत सुटली. २८ देशांतील एटीएममधून पैसे निघाले. दोन दिवसांनी आणखी एक रक्कम परदेशी पाठविली गेली. एकंदर सुमारे ९४ कोटी रुपये गेले. विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघांचीही ओळख पटावी लागते, ती यासाठी.

ज्याचे काम तेवढीच किल्ली

पाचवी पायरी अधिकारांची. आत आला म्हणजे त्याला सारे घर मोकळे, असे नव्हे. आमच्या प्रयोगात आम्ही तीन खाती केली. 'वाचक' या खात्याला यादी फक्त पाहता येई. 'लेखनिक' या खात्याला नवे पुस्तक घालता येई. पण जुनी नोंद पुसता येत नसे. तिसरे खाते मुख्य व्यवस्थापकाचे. त्याला सर्व काही करता येई, म्हणूनच त्याला दुरून येण्याची परवानगी ठेवली नाही. सर्व्हरपुढे प्रत्यक्ष बसूनच ते वापरावयाचे. कोणाला जास्त अधिकार दिले तर काम लवकर होते, हे खरे. परंतु त्याची किल्ली हरवली तर नुकसानही तेवढेच मोठे होते. येथे मला चावडीतल्या दप्तराची आठवण झाली. वाचणे, लिहिणे, कायम करणे हे तीन अधिकार निराळे ठेवणारे आपले जुने नियम आणि संगणकाचे हे नवे नियम एकाच शहाणपणाचे आहेत.

सामान्य नागरिक संकेतस्थळावर सातबारा पाहतो तेव्हाही तो स्वतः डेटाबेसमध्ये शिरत नसतो. मध्ये एक कारकुनासारखा प्रोग्रॅम असतो. आपण त्याच्याकडे गट क्रमांक देतो, तो आत जाऊन तेवढाच कागद आणून दाखवितो. डेटाबेसची खिडकी लोकांच्या रस्त्यावर उघडत नाही आणि उघडूही नये.

सहावी पायरी नोंदीची. कोण, केव्हा, कोणत्या पत्त्यावरून आला आणि त्याने काय केले, हे सर्व्हरने एका वेगळ्या वहीत लिहीत राहावे. आमच्या चुकीच्या दिवशीची ही वही सरांनी उघडून दाखविली, तेव्हा माझ्या मैत्रिणीच्या जोडण्यांच्या वेळा तेथे जशाच्या तशा होत्या. चोरी झाल्यावर ही वहीच साक्षीदार असते. मात्र तिची एक अट आहे. प्रत्येकाचे खाते वेगळे हवे. चौघांनी मिळून एकच नाव आणि एकच परवलीचा शब्द वापरला, तर वहीत चारही ठिकाणी एकच नाव दिसेल आणि साक्षीदार मुका होईल.

डिजिटल स्वाक्षरीचे तत्त्वही जवळपास असेच. अधिकाऱ्याजवळ एक गुप्त किल्ली असते, बहुधा यूएसबीसारख्या लहानशा साधनात ठेवलेली. तिची जोडीदार किल्ली मात्र सर्वांसाठी उघड असते. गुप्त किल्लीने केलेली सही उघड किल्लीने तपासता येते. पण उघड किल्लीने सही करता येत नाही. कागदातले एक अक्षर जरी मागाहून बदलले तरी सही जुळत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने अशा सहीला कायद्याची मान्यता दिली.

आमच्या घरचा घोळ

आता वडिलांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. आमची जमीन दोन गटांत आहे. एक भाताची खाचरे, दुसरा वरकसचा लहान तुकडा. तेथे आम्ही रबासाठी पालापाचोळा ठेवतो आणि थोडी वरई करतो. गेल्या पावसाळ्यात ई-पीक पाहणीची वेळ आली तेव्हा वडिलांचा साधा फोन होता. मी परीक्षेच्या गडबडीत होते. म्हणून वडिलांनी ओळखीच्या एका मुलाला शेतावर नेले. त्याने स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःचा क्रमांक घालून वडिलांचे खाते उघडले, संकेतांक त्याच्याच फोनवर आला आणि दहा मिनिटांत काम संपले. वडिलांनी त्याला चहा पाजला.

दिवाळीनंतर भात आधारभूत किमतीला विकावयास गेलो, तेव्हा कळले की दोन गटांची अदलाबदल झाली आहे. भाताच्या खाचरांवर वरई नोंदलेली आणि वरकसच्या तुकड्यावर भात! वरकसचे क्षेत्र थोडे, म्हणून कागदोपत्री आमचे भातही थोडेच. तेवढेच केंद्रावर घेतले गेले. नोंद दुरुस्त करण्यासाठी वडिलांनी चार खेपा घातल्या. परंतु घरात बियाण्याची उधारी होती, थांबणे शक्य नव्हते. उरलेले भात व्यापाऱ्याला कमी भावाने द्यावे लागले. त्या मुलाने ते मुद्दाम केले नव्हते. त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते. मग दोष कोणाचा?

यावर मी पुष्कळ विचार केला. सर्व्हरच्या दृष्टीने काहीच चुकले नव्हते. संकेतांक बरोबर होता, खाते वडिलांचे होते, नोंद वडिलांनीच केली असे त्याच्या वहीत लिहिलेले होते. यंत्र माणसाला ओळखत नाही. ते किल्लीला ओळखते. ज्याच्या हाती किल्ली, तोच त्याच्या लेखी शेताचा धनी. आम्ही किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली, ती परत घेतली नाही, आणि काय लिहिले गेले ते पाहिलेही नाही. आमच्या प्रयोगातील 'विश्वासा'ची ओळ आम्ही घरीही लिहून ठेवली होती!

हे मी आजीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या आजोबांचेही असेच झाले." आजोबांना अक्षरओळख नव्हती. एका कर्जाच्या कागदावर त्यांनी अंगठा दिला. कर्ज त्यांनी फेडले. पण सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यातला बोजा काढण्यासाठी अर्ज करावा लागतो, हे त्यांना कोणी सांगितले नाही आणि कागद त्यांना वाचता येत नव्हता. फिटलेल्या कर्जाचा बोजा पुढे कित्येक वर्षे तसाच राहिला. आजोबांचा अंगठा आणि वडिलांचा संकेतांक यांत मला फरक दिसत नाही. दोघांनीही न वाचलेल्या कागदाला आपली खूण दिली.

आजोबांना वाचता येत नव्हते, हा त्यांचा दोष नव्हे. मला मात्र वाचता येते. शेत माझ्या वडिलांचे, फोन दुसऱ्याचा, आणि घरातली शिकलेली मुलगी परीक्षेच्या गडबडीत, हे मला अजून टोचते.

आपण काय करावे?

वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी तुम्हीच पहिले शिकलेले असाल. आपल्याला सर्व्हर उभारावयाचा नाही. पण त्याच्या सहाही पायऱ्यांतले शहाणपण घरच्या व्यवहाराला लागू पडते. घरच्या प्रत्येक सरकारी खात्याला आणि बँकेच्या खात्याला घरातलाच मोबाईल क्रमांक जोडलेला असावा. दुकानदाराचा किंवा शेजाऱ्याचा क्रमांक जोडला गेला असेल तर तो आजच बदलून घ्यावा. फोनवर आलेला संकेतांक कोणालाही, अगदी बँकेतून बोलतो म्हणणाऱ्यालाही, सांगू नये. परवलीचा शब्द सेवा केंद्रातल्या वहीत लिहून ठेवू देऊ नये. मदत जरूर घ्यावी, मात्र स्वतः शेजारी बसून घ्यावी. काम झाल्यावर काय लिहिले गेले ते मोठ्याने वाचून घ्यावे. आणि वर्षातून दोनदा तरी आपला सातबारा काढून, नावे, क्षेत्र, पीक आणि इतर हक्कांचा रकाना ओळीओळीने पाहावा. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. एका फेरीच्या रिक्षाभाड्याहून ते जड नाही.

आता आमच्या घरी एक साधा स्मार्टफोन आहे. वडिलांच्या सर्व खात्यांना त्यातलाच क्रमांक जोडून घेतला आहे. उन्हाळी वालाच्या नोंदीच्या वेळी मी त्यांच्याबरोबर बांधावर गेले. गट क्रमांक त्यांनी सांगितला, मी टाकला. पीक त्यांनी सांगितले, मी टाकले. पाठविण्यापूर्वी सारे त्यांना वाचून दाखविले. ते म्हणाले, "पुन्हा एकदा वाच." मी पुन्हा वाचले. मग त्यांनी आपल्या बोटाने बटण दाबले.

सर्व्हर कोठे बसतो, हे त्यांनी पुन्हा विचारले नाही. त्यात आपल्या नावाने कोण लिहितो, याचे उत्तर त्या दिवशी त्यांना मिळाले होते.